नोंदीतला देश आणि आठवणीतले गाव
आयर्लंडच्या खेड्यांतील बलवानांच्या आख्यायिका



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. 

निमंत्रणपत्रिकेतील विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. बडोद्यातील एका मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानात आयर्लंडच्या खेड्यांतले धावपटू, उडी मारणारे आणि धोंडे उचलणारे यांचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्यापुरती त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, स्मृती आणि मैदान यांचे नाते त्या देशात फार जुने आहे. आयर्लंडच्या पुराणकथांत टाल्टू नावाची एक राणी आहे. जमीन लागवडीखाली यावी म्हणून तिने जंगल तोडले आणि त्या श्रमांनी तिचा अंत झाला. तिचा मानसपुत्र लू या देवतेने तिच्या स्मरणार्थ दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी मेळा भरवला, आणि त्या मेळ्यात धावण्याच्या, उड्यांच्या, फेकीच्या स्पर्धा ठेवल्या. मीथ परगण्यातील टेलटाऊन ही त्या मेळ्याची जागा मानली जाते. देश स्वतंत्र झाल्यावर १९२४, १९२८ आणि १९३२ या वर्षी हे 'टाल्टन खेळ' पुन्हा भरवले गेले. आपण व्याख्यान ठेवतो, त्यांनी शर्यती ठेवल्या, हेतू एकच.

दुसरे कारण आपल्याला अधिक जवळचे आहे. आयर्लंडच्या गावोगावच्या बलवान माणसांच्या ज्या आख्यायिका आज जगापुढे आहेत, त्यांतला फार मोठा भाग विद्यापीठातल्या पंडितांनी लिहून ठेवलेला नाही. तो अकरा ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींनी आपल्या वह्यांत लिहून ठेवला आहे. त्या वह्यांपासूनच मी सुरुवात करतो.

आयर्लंडच्या बेटावरील सव्वीस परगण्यांचे स्वतंत्र राज्य १९२२ मध्ये अस्तित्वात आले. १९३५ मध्ये त्या सरकारने आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन केला. शेमस ओ डुलार्गा हे त्याचे संचालक होते आणि शॉन ओ सुलिवॉन हे त्याचे अभिलेखपाल. ओ सुलिवॉन हे मूळचे केरी परगण्याचे, आणि पूर्वी स्वतः प्राथमिक शिक्षक होते. गावातली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत, त्यांच्याबरोबर त्यांच्याजवळचे सारे जात आहे, आणि ते टिपायला आयोगाजवळ माणसे मूठभर, अशी परिस्थिती होती. तेव्हा शिक्षण खाते आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांच्या साहाय्याने एक योजना आखली गेली. १९३७ च्या सप्टेंबरपासून १९३८ च्या अखेरपर्यंत पाचवी-सहावीच्या मुलांनी नेहमीच्या निबंधाऐवजी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना प्रश्न विचारायचे, आणि मिळेल ते वहीत लिहून आणायचे. कोणते विषय विचारावेत यासाठी ओ सुलिवॉन यांनी शिक्षकांकरिता एक पुस्तिका तयार केली. विहिरी, सण, औषधी वनस्पती, भुताखेतांच्या जागा, दुष्काळाच्या आठवणी अशा विषयांच्या जोडीला 'गावचे वीर' असाही एक विषय त्यात होता. वीर म्हणजे लढाईतले सेनापती नव्हेत. वेगाने धावणारा, लांब उडी मारणारा, पोहणारा, पल्लेदार चालणारा, गवत कापण्यात कोणाला हार न जाणारा, हे गावचे वीर.

सुमारे ५,००० शाळा आणि सुमारे ५०,००० मुले या कामात होती. जमलेली पाने ७ लाख ४० हजारांच्या घरात जातात. बहुतेक मजकूर इंग्रजीत, काही आयरिश भाषेत. आयोगाच्या साऱ्या संग्रहाला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिपटात स्थान दिले, आणि या शालेय वह्या आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. मी आयर्लंड पाहिलेला नाही. त्या मुलांची वळणदार अक्षरे मी येथे, घरी बसून वाचली.

या वह्यांतले वीर कसे आहेत? बहुतेकांची हकीकत दहा-बारा ओळींत संपते. पुष्कळदा सांगणाऱ्याचे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण दिलेले असते. मग वीराचे नाव आणि त्याचा एक पराक्रम. हा पराक्रम बहुधा कामातून उगवलेला असतो. लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापणे हे तेथील उन्हाळ्याचे मुख्य काम. तेव्हा दिवसभरात सर्वांत जास्त कुरण कापणारा हा पहिला वीर. फावड्याने बटाट्याचे वाफे काढणारा दुसरा. बाजारापर्यंत पाठीवर ओझे घेऊन चालत जाणारा आणि त्याच दिवशी परतणारा तिसरा. कोणाचा प्रतिस्पर्धी कपटी निघतो आणि रात्रीतून कुरणात लोखंडी खुंट्या रोवून ठेवतो. वीर विळ्याने त्या खुंट्याही कापत जातो. ही गोष्ट अनेक गावांत अनेक नावांनी सांगितली जाते.

मला या हकीकतींत सर्वांत लक्षणीय वाटले ते त्यांतले मोजमाप. त्यांत सेकंद आणि मीटर क्वचितच येतात. तो ओढा, ते फाटक, ती भिंत, त्या वळणापासून चर्चच्या दारापर्यंतचे अंतर, ही त्यांची मापे आहेत. परक्या माणसाला त्यांतून काहीच कळत नाही. गावच्या माणसाला सारे कळते, कारण ओढा अजून तेथेच आहे आणि त्याच्या काठावर उभे राहिले की आपल्याला उडी जमणार नाही हे पोटात कळते. विक्रमाची नोंद जगाला समजावी म्हणून केलेली असते. आख्यायिका त्या ओढ्याकाठी राहणाऱ्यांसाठी असते.

म्हणूनच तेथील भूगोलात उड्यांची नावे जागोजागी आढळतात. क्लेअर परगण्याच्या नैर्ऋत्य टोकाला लूप हेड नावाचा सुळका समुद्रात घुसलेला आहे. 'लूप' हे 'लीप' म्हणजे उडी या शब्दाचे बिघडलेले रूप. आयरिशमध्ये त्या जागेचे नाव 'कू हुलिनची उडी' असे आहे. माल नावाची चेटकीण या वीराच्या मागे लागली, तेव्हा तो कड्यावरून समोरच्या खडकावर उडी मारून गेला, तीही गेली. तो उलट उडी मारून परतला. परतताना ती मात्र कोसळली. तिचा देह जेथे लागला ते 'हॅग्ज हेड', आणि ज्या उपसागराचे पाणी तिच्या रक्ताने लाल झाले तो मालबे. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरील एका खिंडीला 'धर्मगुरूची उडी' म्हणतात. सैनिक पाठलाग करत असता एका धर्मगुरूने खिंडीच्या माथ्यावरून घोडा उडवला तो थेट बँट्री गावाजवळ येऊन उतरला, असे सांगतात, आणि खडकावरील खुणाही दाखवतात. अंतर मैलांचे आहे. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. पण ज्या काळात त्या धर्माच्या गुरूंना लपूनछपून राहावे लागे, त्या काळाची धास्ती आणि सुटकेची ओढ त्या मैलांत साठलेली आहे.

या साऱ्याच्या मागे जुन्या वाङ्मयाची भक्कम पार्श्वभूमी आहे. तिचा मी धावता उल्लेख करतो. आयरिश वीरकथांतील एक फार मोठी धावपटू स्त्री आहे. माखा ही एका गुराढोरांच्या धन्याची गूढ पत्नी. आपल्याविषयी कोठे बोलू नकोस, असे तिने नवऱ्याला बजावले होते. राजाच्या सभेत घोड्यांची स्तुती चालली असता त्याच्याने राहवले नाही आणि आपली बायको यांच्यापेक्षा वेगाने धावते असे तो बोलून गेला. ती आसन्नप्रसवा होती. तिने विनवण्या केल्या, कोणी ऐकले नाही. ती घोड्यांपुढे धावली, जिंकली, आणि शर्यतीच्या शेवटी तिला जुळे झाले. ऐन संकटात अल्स्टरच्या पुरुषांना नऊ पिढ्या प्रसूतिवेदना होतील, असा शाप तिने दिला. त्या जागेला 'माखाची जुळी' या अर्थाचे एवन माखा हे नाव पडले. आर्मा शहराजवळ ती टेकडी आहे.

याच शापामुळे पुढे राणी मेव्हच्या सैन्यापुढे कू हुलिनला एकट्याने उभे राहावे लागते. त्याचे बालपणही खेळातच गेले. हर्लिंग हा काठीने चेंडू मारण्याचा तेथील प्राचीन खेळ. घरून राजधानीकडे निघालेला हा पोरगा चेंडू टोलवतो, त्यामागे काठी फेकतो, त्यामागे भाला फेकतो, आणि धावत जाऊन तिन्ही जमिनीवर पडण्यापूर्वी झेलतो. फिन मकूलच्या वीरदलात प्रवेश मिळवण्याच्या कसोट्या सतराव्या शतकातील इतिहासकार जेफ्री कीटिंग यांनी नोंदवल्या आहेत. उमेदवाराने केस वेणीत बांधून रानातून धावायचे. मागून पाठलाग होत असता वेणीचा केस सुटता कामा नये, पायाखाली वाळकी काटकी मोडता कामा नये. कपाळाइतक्या उंच फांदीवरून उडी मारायची, गुडघ्याइतक्या खाली असलेल्या फांदीखालून निसटायचे, आणि पायात काटा रुतला तर वेग न कमी करता काढायचा. शाळकरी मुलांच्या वह्यांतले शेतकरी वीर या परंपरेचे दूरचे वारस आहेत. राजवाडे गेले, वीरदले गेली; रान, फांदी आणि काटा राहिला.

आणखी एक कल्पना फार हृद्य आहे. टेकड्यांखाली राहणाऱ्या अदृश्य लोकांना आयर्लंडमध्ये त्यांचे नाव न घेता 'भली माणसे' म्हणतात. या भल्या माणसांतही हर्लिंगचे सामने होतात. पण एखादा जिवंत मनुष्य आपल्या बाजूला असल्याशिवाय त्यांना खेळता येत नाही. म्हणून गावच्या उत्तम खेळाडूला ते रात्री उचलून नेतात. सकाळी तो दमलेला, गप्प असा सापडतो. कोनॉक्टच्या अदृश्यांचा राजा फिनवारा आपल्या लढायांत जिंकला तर त्या प्रांतात पीक चांगले येते, असाही समज होता. एका तरुणाच्या मनगटावर साऱ्या प्रांताचे अन्न अवलंबून आहे, ही ती श्रद्धा. आणि ती ज्या देशात नांदली त्या देशाचे अन्न एके काळी खरोखरच नाहीसे झाले.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि महादुष्काळ आला. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती; १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजार राहिली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्यानंतरही जहाजे भरून जातच राहिली. जो तरुण सर्वांत धडधाकट, तोच बहुधा आधी निघे. वह्यांतल्या वीरकथा वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते. एका उपाशी, रिकाम्या होत चाललेल्या गावाने आपल्यातल्या एकाच्या ताकदीची गोष्ट जपावी, यात निव्वळ करमणूक नाही. आम्ही असे होतो, एवढे तरी सांगण्याची ती सोय आहे.

ही भावना साहित्यात सर्वांत ठळक उमटली ती चार्ल्स किकम यांच्या 'नॉकनागाऊ' या १८७३ मधील कादंबरीत. किकम टिपरेरी परगण्यातील मलिनाहोन गावचे. स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी तुरुंगवास भोगलेले. कादंबरीत मॅट नावाचा मळणी करणारा मजूर आहे. लोहाराचा घण दूर फेकण्याच्या स्पर्धेत त्याची गाठ बड्या जमीनदार वर्गातील एका कॅप्टनशी पडते. शेवटच्या फेकीपूर्वी मॅट आपल्या वस्तीच्या गवती छपरांकडे पाहतो, आणि आपल्या लहानशा गावाच्या लौकिकासाठी घण फेकतो. प्रसंग छोटाच आहे. पण आयर्लंडमधील पिढ्यांनी तो तोंडपाठ केला. ज्याच्या मालकीची जमीन नाही, त्याने त्याच जमिनीवर मालकाच्या वर्गातील माणसापेक्षा घण लांब टाकून दाखवावा, यातला अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

कादंबरीनंतर अकरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १८८४ रोजी, त्याच टिपरेरीतील थर्ल्स गावी गेलिक क्रीडा संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष मॉरिस डेव्हिन हे कॅरिक-ऑन-शुअरचे शेतकरी आणि स्वतः नामांकित हातोडाफेकपटू. त्यांचे बंधू पॅट यांनी १८८० मध्ये आपल्याच गावी ६ फूट पावणेतीन इंच उंच उडी मारली होती, आणि ती त्या काळी जगात सर्वोच्च होती. या संघटनेने क्लब बांधले ते पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावकीच्या पायावर. खेळाडू ज्या गावचा त्या गावाकडून खेळणार, ही शिस्त आजही बऱ्याच अंशी पाळली जाते. हर्लिंगला युनेस्कोने २०१८ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लोहाराचा घण फेकणाऱ्या या मुलखाने जगाला हातोडाफेकपटूंची एक अद्भुत मालिका दिली. १९००, १९०४ आणि १९०८ या तीन ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीचे सुवर्णपदक जॉन फ्लॅनगनने जिंकले, तो लिमरिकचा. १९१२ मध्ये मॅट मॅकग्रा, तो टिपरेरीचा. १९२० मध्ये पॅट रायन. तो लिमरिकच्या पॅलसग्रीन भागातला. १९२८ आणि १९३२ मध्ये डॉ. पॅट ओ'कॅलहन, ते कॉर्क परगण्यातील कँटर्कजवळचे. १९०० ते १९३२ या काळातील सगळ्या ऑलिंपिकमध्ये, १९२४ चा अपवाद सोडला तर, हातोडा आयर्लंडच्या मातीत वाढलेल्या माणसाच्याच हातून सर्वांत दूर गेला. आणि हे सारे नैर्ऋत्येकडचे तीन शेजारी परगणे. आपल्या बडोदा आणि आसपासच्या तालुक्यांनी तीस वर्षे जगाला एका विद्येत हार दिली असती तर आपण काय काय सांगितले असते, याची कल्पना करा.

परंतु अधिकृत तक्ता उघडून पाहा. फ्लॅनगन, मॅकग्रा, रायन यांच्या नावापुढे देश लिहिला आहे: अमेरिका. ते पोट भरायला न्यूयॉर्कला गेले, त्यांतले काही तेथे पोलिसांत लागले, तेथील आयरिश-अमेरिकन क्लबच्या मैदानावर सराव करत, आणि अमेरिकेच्या गणवेषात उतरले. त्यांच्या अगडबंब देहांमुळे वृत्तपत्रे त्यांना 'आयरिश देवमासे' म्हणत. टॉम किली हा बॅलिनील गावचा शेतकरी १९०४ मध्ये सेंट लुईस येथे अष्टपैलू स्पर्धेत उतरला. एकाच दिवसात दहा प्रकार: धावणे, चालणे, उंच उडी, लांब उडी, बांबू उडी, अडथळे, गोळा, हातोडा, ५६ पौंडी वजन आणि शेवटी एक मैलाची शर्यत. तो जिंकला. स्वतःच्या पैशाने गेला, दुसऱ्या कोणाचा गणवेष घालायला नकार दिला, आणि आपण टिपरेरीचे आणि आयर्लंडचे एवढेच सांगितले, असे त्याच्या मुलखात सांगतात. तक्त्यात त्याचे पदक ब्रिटनच्या खात्यावर आहे. तक्त्याचाही इलाज नव्हता. आयर्लंड नावाचा रकाना तेव्हा तेथे नव्हताच.

येथे आख्यायिकेचे खरे काम दिसते. अधिकृत नोंद पराक्रम देशाच्या नावावर जमा करते. आख्यायिका तो गावाला परत करते. मार्टिन शेरिडन हा मेयो परगण्यातील बोहोला गावचा. १९०४ आणि १९०८ मध्ये थाळीफेकीचे सुवर्णपदक त्याने अमेरिकेसाठी जिंकले. १९१८ च्या मार्चमध्ये, सदतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो न्यूयॉर्कमध्ये न्युमोनियाने गेला आणि तेथेच पुरला गेला. बोहोलात त्याचे स्मारक आहे. त्याने जिंकलेला एकही सामना त्या गावात झाला नाही. तरीही तो मुलगा ज्या कुंपणांवरून उड्या मारत वाढला ती कुंपणे येथे आहेत, असे गावाचे म्हणणे, आणि ते खोडता येत नाही. पॅट रायनची गोष्ट याहून सुखाची. १९१३ मध्ये त्याने केलेला ५७.७७ मीटरचा विक्रम पंचवीस वर्षे टिकला. १९२४ मध्ये तो घरी परतला, शेती करत राहिला आणि १९६४ मध्ये वारला. जगातला सर्वांत दूर हातोडा टाकणारा माणूस बाजारात ढोरे घेऊन येताना गावाने वर्षानुवर्षे पाहिला.

डॉ. ओ'कॅलहन यांच्या बाबतीत तर नोंद आणि आठवण यांचा सरळ सामनाच झाला. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ५१.३९ मीटर फेक करून त्यांनी स्वतंत्र आयर्लंडला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला फेकीचे वर्तुळ कठीण निघाले आणि बुटांचे खिळे लांब पडले. तेव्हा कानस मागवून ते घासले गेले. त्याच दिवशी अडथळ्यांची शर्यत जिंकलेला त्यांचा देशबंधू बॉब टिसडॉल याने त्यात हात लावला, असे सांगतात. ५३.९२ मीटरवर दुसरे सुवर्णपदक आले. पुढे १९३७ मध्ये कॉर्कमधील फर्मॉय येथे त्यांनी ५९.५६ मीटर फेक केली. रायनच्या जागतिक विक्रमापेक्षा ती पावणेदोन मीटरहून अधिक होती. पण त्यांची संघटना त्या वेळी आंतरराष्ट्रीय संघाबाहेर होती, म्हणून विक्रम मान्य झाला नाही. मोजणी करता हातोडा नियमापेक्षा काही औंस जड आणि वर्तुळ किंचित लहान निघाले, म्हणजे दोन्ही गोष्टी फेकणाऱ्याच्या विरुद्धच होत्या. जगाच्या पुस्तकात ती फेक नाही. फर्मॉयच्या आठवणीत आहे. आणि योगायोग असा की, याच वर्षी सप्टेंबरमध्ये शाळेतली मुले वह्या घेऊन गावचे वीर शोधायला निघाली.

मग आख्यायिका खरीच मानायची का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. १९०८ मध्ये लंडनच्या उद्घाटनसोहळ्यात अमेरिकेचा ध्वज इंग्लंडच्या राजापुढे झुकवला गेला नाही, आणि त्याविषयीचे एक बाणेदार वाक्य शेरिडनच्या तोंडी घातले जाते. ध्वज राल्फ रोजच्या हाती होता, आणि ते वाक्य छापून आले ते अनेक दशकांनी. म्हणजे वाक्य बहुधा नंतरचे. कॉर्कमधील बॅलिडिहॉब गावात डॅनो ओ'मॅहनी या मल्लाचा पुतळा आहे. १९३५ मध्ये बोस्टनला जिम लंडोसला चीत करून तो जगज्जेता ठरला. अमेरिकेतल्या त्या काळच्या व्यावसायिक कुस्तीत निकाल बऱ्याचदा आधी ठरलेले असत, हे कुस्तीचे इतिहासकार सांगतात. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्या आपल्या मंडळींना याचे वाईट वाटेल. उलट बाजूचे उदाहरणही आहे. कॉर्क शहराबाहेर चेटविंडचा उंच रेल्वेपूल आहे. रस्त्यावरून लोखंडी गोळा फेकत नेण्याचा खेळ त्या भागात चालतो. त्या पुलावरून गोळा पार करणे हे शुद्ध कल्पित वाटावे असे आव्हान होते. मिक बॅरी या खेळाडूने १९५५ मध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवशी १६ औंसांचा गोळा पुलापार करून दाखवला. १९६१ मध्ये ती रेल्वे बंद झाली. पूल उभा आहे, आणि आता लोकांच्या लेखी तो आगगाडीचा कमी आणि बॅरीचा अधिक आहे.

माझे म्हणणे असे की, आख्यायिकेला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. किती, हा पहिला. येथे ती बहुधा फुगवून सांगते. कोठे, हा दुसरा. येथे ती क्वचित चुकते, कारण जागा समोर असते. कोणासाठी, हा तिसरा. आणि याचे उत्तर तिच्यावाचून दुसऱ्या कोणाजवळ नसते. नोंदवहीला पहिला प्रश्न उत्तम येतो, तिसरा येतच नाही.

याचा एक ताजा पुरावा आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील इनिश मोर बेटाचे लेखक लियम ओ'फ्लॅहर्टी यांची 'धोंडा' या अर्थाच्या नावाची एक कथा आहे. तरुणांनी बळाची परीक्षा म्हणून उचलायच्या शिळेची. लोक त्याला कथाच समजत. अलीकडच्या वर्षांत वॉटरफर्डचे डेव्हिड केओहान यांनी ही कथा आणि शालेय वह्या यांचा माग काढत बेटावर तसा धोंडा शोधला आणि उचलला. मग इतर गावांतल्या शिळाही, कोठे कबरस्तानाजवळ, कोठे शेताच्या बांधावर, सापडू लागल्या. आयर्लंड-स्कॉटलंडकडे धोंडा जमिनीपासून नुसता सुटला तरी त्याच्याखालून वारा गेला असे म्हणतात, आणि तेवढेही मानाचे समजतात. पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी एखाद्या मुलाने शुद्धलेखन सांभाळत लिहिलेल्या चार ओळींवरून आज ती शिळा ओळखता येते.

येथे मला आपल्या सयाजीबागेची आठवण होते. तेथील संग्रहालयात एक भली थोरली शिळा आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने ती उचलली असे सांगतात, आणि वजन १,२०० किलो सांगतात. २०१६ मध्ये एडी हॉल या इंग्रज बलवानाने ५०० किलो उचलले तेव्हा जग थक्क झाले होते. तेव्हा १,२०० हा आकडा आख्यायिकेचा आहे हे उघड आहे. पण मला आकड्यापेक्षा दुसरेच प्रश्न पडतात. शिळा पूर्ण उचलली की तिच्याखालून वारा गेला? भोवती कोण होते? कोणत्या तालमीतली माणसे, कोणत्या पेठेतली? त्या रात्री घरोघरी काय बोलणे झाले? १९३८ मध्ये हे पाहिलेली शेकडो माणसे बडोद्यात हयात असणार. चौदा वर्षांच्या एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्यांना विचारले असते, तर आज आपल्याजवळ शिळेबरोबर तिचे गावही असते. आता नुसती शिळा आहे.

आपण मराठी माणसे या शहरात पिढ्यानुपिढ्या राहिलो. महाराष्ट्राच्या इतिहासात आपले प्रकरण लहान असते, गुजरातच्या इतिहासातही लहानच असते. दोन्हीकडील तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांचे रकानेच तसे आहेत. जुम्मादादा व्यायाममंदिरात घाम गाळलेल्या साध्या मुलांची, वाड्यांच्या चौकांतल्या मल्लखांबाची, नवरात्रातल्या शर्यतींची, पहाटे पाण्याचे हंडे वाहणाऱ्या आजींच्या बळाची नोंद कोणत्याही रकान्यात येणार नाही. ती आठवणीतच राहणार, आणि आठवण विचारल्याशिवाय बोलत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक विनंती ठेवतो. फार खर्चाची नाही. आठवी-नववीच्या मुलांना वर्षातला एक मराठी निबंध माफ करावा. त्याऐवजी त्यांनी घरातल्या, वाड्यातल्या, सोसायटीतल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि विचारावे: तुमच्या वेळी येथे सर्वांत वेगाने कोण धावायचे? सर्वांत जड काय, आणि कोणी उचलले? ती जागा अजून आहे का? सांगणाऱ्याचे नाव, वय आणि पेठ लिहावी, आणि जे सांगितले ते न सुधारता उतरवून घ्यावे. आकडा अशक्य वाटला तरी तसाच ठेवावा. माजी विद्यार्थी मंडळाने त्या वह्या बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. आज मराठी बोलणारी पण लिहिताना अडखळणारी आपली नातवंडे या निमित्ताने आजोबांचे शब्द आजोबांच्याच भाषेत लिहितील, हा लाभ वेगळाच.

आयर्लंडच्या त्या पन्नास हजार मुलांतली बहुतेक आज हयात नाहीत. त्यांतली कितीतरी पुढे स्वतःही जहाजाने निघून गेली असतील. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या गावची उडी, गावचा विळा आणि गावचा धोंडा वहीत ठेवून दिला. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते शिक्षक होते. त्यांना हे काम आवडले असते, असे मी समजतो.